नकाशातली नदी सोपी केली, की काठाची जमीन कुठे जाते?

संगणकावरच्या नकाशात वळण नावाची गोष्टच नसते. कृष्णा औदुंबरापाशी कितीही वळसे घेत असली, तरी फाइलमध्ये ती लहान लहान सरळ तुकड्यांचीच असते. प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना एकेक बिंदू, ज्याला जीआयएसवाले, म्हणजे संगणकावर नकाशांचं काम करणारे, व्हर्टेक्स म्हणतात, आणि त्या बिंदूची जागा सांगणारे दोन आकडे. तुकडे पुरेसे लहान असले की डोळ्याला वळण दिसतं, एवढंच. गावाची शीव, तालुक्याची हद्द, शेताचा गट, घाटातला रस्ता, पुराच्या पाण्याची कड, सगळं याच पद्धतीने साठवलेलं असतं.

नकाशा सोपा करायचा म्हणजे यातले काही बिंदू ठेवायचे, बाकीचे काढून टाकायचे आणि उरलेले सरळ रेषांनी जोडायचे. क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे काम व्हेक्टर मेनूतल्या जॉमेट्री टूल्समध्ये ‘सिम्प्लिफाय’ या नावाने मिळतं. दोन क्लिकचं काम आहे, आणि दोन क्लिकचं असल्यामुळेच ते विचार न करता उरकलं जातं. कोणता बिंदू जाणार हे सॉफ्टवेअर ठरवतं, पण कशाच्या आधारावर ठरवायचं ते आपण त्याला सांगतो. आपण सांगितलेला एक आकडा चुकला तर एखादं गाव दुसऱ्या तालुक्यात जातं, एखाद्याचं शेत नदीत जातं. म्हणून आत नेमकं काय घडतं ते नकाशे वापरणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

मुळात एवढे बिंदू येतात कुठून? उपग्रहाच्या चित्रावर खूप झूम करून नदी गिरवणारा माणूस दर पाच-दहा मीटरला एक क्लिक करतो. जीपीएस चालू ठेवून चाललं तर दर सेकंदाला एक बिंदू पडू शकतो. उपग्रहाच्या चित्रातून संगणकाने आपोआप काढलेल्या आकृतीला तर कडेच्या प्रत्येक चौकोनाच्या, म्हणजे पिक्सेलच्या, कोपऱ्यावर बिंदू असतो. सांगली जिल्ह्यातल्या सगळ्या गावांच्या शिवा अशा तपशिलाने काढल्या तर फाइल मोबाइलवर उघडताना अडते. शिवाय छापील नकाशात नदीची बारीक वळणं एकमेकांवर चढतात आणि रेषेऐवजी शाईचा जाड डाग दिसतो. बिंदू कमी करण्याची गरज खरी आहे. पण कमी करायचे कसे?

डग्लस आणि प्यूकर यांची दोरी

सर्वांत जास्त वापरली जाणारी पद्धत १९७३ची आहे. डेव्हिड डग्लस आणि थॉमस प्यूकर या दोघांनी ती कॅनडात मांडली. त्याच्या आदल्याच वर्षी उर्स रेमर यांनी स्वतंत्रपणे जवळपास हीच रीत सुचवली होती, त्यामुळे काही ठिकाणी तिघांचीही नावं एकत्र दिसतात. क्यूजीआयएसच्या सिम्प्लिफायमध्ये ‘डिस्टन्स’ हा पर्याय निवडला की हीच पद्धत चालते.

हरिपूरजवळ वारणा कृष्णेला मिळते. तिथल्यासारखाच नदीकाठाचा एक तुकडा मनाशी धरू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, मोजणीतले नाहीत. या काठावर सात बिंदू आहेत. पहिल्यापासून सातव्यापर्यंत सरळ दोरी ताणली तर ती ६०० मीटर भरते, आणि मधले पाच बिंदू दोरीच्या दर १०० मीटरवर, पण तिच्यापासून कमीजास्त लांब आहेत. दुसरा ८ मीटर, तिसरा ३०, चौथा ९५, पाचवा ४० आणि सहावा ६ मीटर. म्हणजे चौथ्या बिंदूपाशी काठ नदीकडे चांगलाच पुढे गेलेला आहे.

आता सॉफ्टवेअरला एक आकडा द्यायचा, २५ मीटर. याला टॉलरन्स म्हणतात. दोरीपासून एवढं अंतर चालेल, याहून जास्त चालणार नाही, असा त्याचा अर्थ. सॉफ्टवेअर सगळ्यात लांबचा बिंदू शोधतं. तो चौथा, ९५ मीटरवरचा. २५पेक्षा जास्त, म्हणून तो राहतो. आता पहिली दोरी सोडायची आणि तिच्या जागी दोन नव्या ताणायच्या, एक पहिल्यापासून चौथ्यापर्यंत, दुसरी चौथ्यापासून सातव्यापर्यंत. दोन्हीकडे पुन्हा तेच मोजमाप करायचं.

डावीकडच्या नव्या दोरीपासून दुसरा बिंदू साधारण २३ मीटरवर येतो आणि तिसरा ३२ मीटरवर. तिसरा २५च्या पलीकडे, म्हणून तो राहतो. मग पहिला ते तिसरा अशी आणखी एक दोरी. तिच्यापासून दुसरा बिंदू फक्त ७ मीटरवर आहे, तो गेला. उजवीकडे पाचवा बिंदू नव्या दोरीपासून २२ मीटरवर आणि सहावा साडेचोवीस मीटरवर. दोन्ही २५च्या आत, दोन्ही गेले. सातातले चार उरले: पहिला, तिसरा, चौथा आणि सातवा.

तिसरा बिंदू सुरुवातीला दोरीपासून ३० मीटरवर होता आणि पाचवा ४० मीटरवर. लांबचा गेला, जवळचा राहिला. पहिल्यांदा हे पाहणाऱ्याला सॉफ्टवेअर चुकलं असं वाटतं. पण प्रत्येक टप्प्यावर दोरी बदलते आणि अंतर त्या त्या वेळच्या दोरीपासून मोजलं जातं. बिंदू महत्त्वाचा की नाही हे त्याच्या आजूबाजूला त्या क्षणी काय उरलं आहे त्यावर ठरतं. म्हणून ‘इतक्या मीटरपेक्षा लहान वळणं जातील आणि मोठी राहतील’ असा टॉलरन्सचा अर्थ लावू नये. तो फक्त एवढंच सांगतो की काढून टाकलेला कोणताही बिंदू नव्या रेषेपासून २५ मीटरपेक्षा लांब नसेल.

ही हमी ऐकायला भक्कम आहे. प्रत्येक बिंदू २५ मीटरच्या आत, मग बिघडणार काय? लांबी पाहा. मूळ काठ ६४२ मीटरचा होता, नवा ६३६ मीटरचा झाला. सहा मीटर गेले, शेकडा एकसुद्धा नाही. आता दोरी आणि काठ यांच्यामधलं क्षेत्र पाहा. मूळ रेषेने ते १७,९०० चौरस मीटर भरतं, चार बिंदूंच्या रेषेने २३,५००. फरक ५,६०० चौरस मीटरचा, म्हणजे ५६ आर. गुंठ्यात सांगायचं तर ५५ गुंठे. कागदावर एका क्लिकमध्ये एक एकर पंधरा गुंठे जागा नदीच्या पात्रातून निघून जमिनीत आली. वळण टोकदार होतं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना काठ आत दबलेला होता. बिंदू गेल्यावर तो दबलेला भाग भरून निघाला, आणि दोन्ही बाजूंचा फरक एकाच दिशेने साठत गेला.

सात-बाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये लिहिलेलं असतं आणि एकेका आरावरून भावाभावांत वर्षानुवर्षं वाद चालतात. तिथे ५६ आर म्हणजे किती मोठी गोष्ट आहे हे कृष्णाकाठच्या माणसाला वेगळं सांगायला नको. ज्या फाइलवर क्षेत्र मोजायचं आहे, ती फाइल सोपी करायची नाही. क्षेत्र मूळ फाइलवर काढायचं, तो आकडा तक्त्यात कायम लिहून ठेवायचा, आणि मगच दाखवण्यापुरती वेगळी प्रत सोपी करायची.

त्रिकोण मोजणारी दुसरी वाट

१९९३ मध्ये ब्रिटनमधल्या हल विद्यापीठात महेस विश्वलिंगम आणि जे. डी. व्हायट यांनी वेगळा विचार मांडला. त्यांनी अंतराऐवजी क्षेत्रफळ घेतलं. कोणताही बिंदू आणि त्याचे दोन शेजारी मिळून एक त्रिकोण होतो. तो त्रिकोण जेवढा लहान, तेवढा तो बिंदू गेल्याने आकार कमी बिघडतो. सगळ्यात लहान त्रिकोणाचा बिंदू आधी काढायचा, शेजाऱ्यांचे त्रिकोण नव्याने मोजायचे, पुन्हा सगळ्यात लहान शोधायचा.

आपल्या सात बिंदूंवर हे करून पाहू. दुसऱ्या बिंदूचा त्रिकोण ७०० चौरस मीटर, सगळ्यात लहान, तो आधी गेला. मग पाचवा, १,०५० चौरस मीटर. पाचवा गेल्यावर सहाव्याचा शेजारी बदलला आणि त्याचा त्रिकोण १,४०० वरून ३,८५० झाला. तरीही उरलेल्यांत तोच लहान, म्हणून तिसरा क्रमांक त्याचा. उरले पहिला, तिसरा, चौथा, सातवा. या लहानशा काठावर दोन्ही वाटा त्याच चार बिंदूंवर पोचल्या.

लांब रेषेवर मात्र दोघींचा स्वभाव वेगळा दिसतो. डग्लस-प्यूकरला टोकं प्रिय. रेषेतून बाहेर आलेलं अणकुचीदार टोक ती धरून ठेवते, म्हणून टॉलरन्स वाढवला की नदी काटेरी दिसायला लागते. विश्वलिंगम यांची पद्धत अरुंद काटे लवकर सोडते आणि रुंद वळणांचा डौल राखते. नदी, किनारा, तलावाची कड अशा निसर्गातल्या रेषांसाठी मला ती जास्त पटते. शेताचे बांध, इमारती, कालव्याचे सरळ पट्टे यांचे कोपरे महत्त्वाचे असतात, तिथे डग्लस-प्यूकर बरी. मॅपशेपर हे ब्राउझरमध्ये चालणारं मोफत साधन आपण वेगळं काही निवडलं नाही तर विश्वलिंगम पद्धतीचीच सुधारलेली आवृत्ती वापरतं. त्यात एक पट्टी सरकवत किती टक्के बिंदू ठेवायचे ते ठरवता येतं आणि नदी कशी बदलत जाते ते समोर दिसतं. ही पद्धत समजून घ्यायची असेल तर त्या पट्टीशी खेळून पाहावं, दहा पानं वाचण्यापेक्षा ते उपयोगी पडतं.

दोन्ही पद्धती बिंदू फक्त काढून टाकतात, उरलेला बिंदू जागचा हलवत नाहीत. ‘स्मूद’ नावाचं साधन वेगळं. ते नवे बिंदू घालून कोपरे गोल करतं. रेषा सुबक दिसते, पण फाइल वाढते.

किती टॉलरन्स ठेवायचा?

यासाठी छापील नकाशाचं गणित अजूनही उत्तम आहे. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक फरक कागदावर सहसा उठून दिसत नाही, असं धरू. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर अर्धा मिलिमीटर म्हणजे जमिनीवर २५ मीटर. त्या प्रमाणावर छापायचं असेल तर २५ मीटरचा टॉलरन्स डोळ्याला जाणवणार नाही. १:१०,००० वर हाच हिशेब ५ मीटर येतो. सगळा सातारा जिल्हा वहीच्या पानावर बसवायचा असेल, प्रमाण साधारण १:१०,००,०००, तर ५०० मीटरसुद्धा चालतात. टॉलरन्सचा आकडा नकाशाच्या कामातून येतो. ‘मी नेहमी दहा ठेवतो’ अशी सवय इथे उपयोगाची नाही.

आता सगळ्यात जास्त माणसं जिथे अडखळतात ती जागा. क्यूजीआयएसमध्ये टॉलरन्सच्या चौकटीत आधीच १ हा आकडा भरलेला असतो आणि तो थराच्या, म्हणजे लेयरच्या, एककात धरला जातो. इंटरनेटवरून उतरवलेल्या बहुतेक फाइली अक्षांश-रेखांशात असतात. तिथे १ म्हणजे १ मीटर नव्हे, १ अंश. अक्षांशाचा एक अंश सुमारे ११० किलोमीटर, आणि आपल्या १७ अंश उत्तरेला रेखांशाचा एक अंश सुमारे १०६ किलोमीटर. उत्तर-दक्षिण सबंध सातारा जिल्हा साधारण एका अंशाएवढाच आहे. त्याच्या हद्दीला एक अंशाचा टॉलरन्स लावला तर त्रिकोण उरतो किंवा काहीच उरत नाही.

अंशातच काम करायचं तर ०.०००१ म्हणजे साधारण ११ मीटर, एवढं लक्षात ठेवावं. पण त्याहून चांगला मार्ग म्हणजे आधी फाइल मीटरमधल्या प्रक्षेपणात, म्हणजे गोल पृथ्वी सपाट मांडण्याच्या रीतीत, न्यायची. सातारा आणि सांगली दोन्ही जिल्हे यूटीएम नावाच्या अशा प्रक्षेपणाच्या ४३ उत्तर या पट्ट्यात येतात, सॉफ्टवेअरमध्ये त्याचा क्रमांक ईपीएसजी ३२६४३. एकदा तिथे नेलं की २५ म्हणजे खरोखर २५ मीटर, आणि पूर्व-पश्चिम व उत्तर-दक्षिण दोन्ही दिशांना सारखाच.

फाइल फक्त लहान करायची असेल तर त्याआधी आणखी एक गोष्ट पाहावी. जिओजेसनसारख्या, म्हणजे नकाशा अक्षरं-आकड्यांत लिहून ठेवणाऱ्या, फाइलीत रेखांश ७४.५६३८१२३४५६७८९ असा लांबलचक लिहिलेला असतो. दशांशानंतर पाच आकडे म्हणजे साधारण एक मीटरची अचूकता, सहा म्हणजे सुमारे ११ सेंटिमीटर. त्यापुढचे आकडे सहसा कुठल्याही मोजणीतून आलेले नसतात. ते कापले की एकही बिंदू न काढता फाइल बरीच हलकी होते. आणि फक्त पडद्यावर नकाशा जड चालत असेल, तर लेयरच्या प्रॉपर्टीजमध्ये रेंडरिंगखाली दाखवण्यापुरतं सोपं करण्याची सोय आहे. तिने मूळ फाइलला हात लागत नाही.

शेजाऱ्यांची शीव

खरी अडचण एकट्या रेषेची नाही, शेजाऱ्यांची आहे. हा भाग सावकाश वाचावा, कारण जिल्हे-तालुके-गावांचे नकाशे बिघडतात ते इथेच.

पलूस आणि तासगाव हे शेजारी तालुके. त्यांच्यामधली हद्द जमिनीवर एकच आहे. पण नकाशे साठवायच्या नेहमीच्या साध्या शेपफाइलमध्ये ती दोनदा साठवलेली असते, एकदा पलूसच्या आकृतीचा भाग म्हणून आणि एकदा तासगावच्या. मूळ फाइल नीट असेल तर दोन्ही प्रती बिंदूला बिंदू जुळतात. सिम्प्लिफाय चालवल्यावर सॉफ्टवेअर आधी एक आकृती घेतं, मग दुसरी. पलूसची आकृती गिरवायला जिथून सुरुवात झाली तो बिंदू वेगळा, तासगावचा वेगळा. दोरी वेगवेगळ्या ठिकाणांहून ताणली जाते, आणि तीच हद्द दोन्हीकडे वेगळ्या बिंदूंवर येऊन थांबते. एका जागी दोन तालुक्यांमध्ये फट पडते, दुसऱ्या जागी ते एकमेकांवर चढतात.

मोठ्या नकाशावर या फटी केसाएवढ्या दिसतात. पण एखाद्या विहिरीचा, शाळेचा किंवा पूरग्रस्त घराचा बिंदू त्या फटीत पडला तर ‘हे कोणत्या तालुक्यात?’ या प्रश्नाला सॉफ्टवेअर ‘कुठेच नाही’ असं उत्तर देतं. चढलेल्या भागात पडला तर दोन्ही तालुक्यांच्या यादीत येतो. यादी हातात आलेल्या माणसाला नकाशात काय झालं ते दिसत नाही. त्याला फक्त एक नाव गळालेलं किंवा दोनदा आलेलं दिसतं, आणि गळालेलं नाव खऱ्या माणसाचं असतं.

उपाय असा की हद्द एकदाच साठवायची आणि दोन्ही बाजूंनी तीच वापरायची. तीन गावांच्या शिवा जिथे मिळतात तो बिंदू कायम धरायचा, आणि अशा दोन बिंदूंमधली रेषा एकदाच सोपी करायची. याला टोपॉलॉजी सांभाळणं म्हणतात. मॅपशेपर हे आपोआप करतं. ग्रास या दुसऱ्या मोफत जीआयएस सॉफ्टवेअरमधलं ‘व्ही जनरलाइज’ हे साधनही करतं. क्यूजीआयएसच्या नव्या आवृत्त्यांमध्ये आणि पोस्टजीआयएस या नकाशांच्या डेटाबेसमध्ये यासाठी ‘कव्हरेज सिम्प्लिफाय’ आलं आहे.

पोस्टजीआयएस वापरणाऱ्यांसाठी एक सावधगिरी. तिथे ‘सिम्प्लिफाय प्रिझर्व्ह टोपॉलॉजी’ नावाचं जुनं फंक्शन आहे. नाव वाचून वाटतं की ते शेजाऱ्यांना सांभाळेल. ते फक्त एकेका आकृतीची काळजी घेतं, म्हणजे पलूसची हद्द स्वतःला छेदणार नाही, आतली भोकं बाहेर जाणार नाहीत. पलूस आणि तासगाव यांच्यामधल्या फटीशी त्याला देणंघेणं नाही.

हाच पेच वेगवेगळ्या लेयरमध्येही येतो. वारणा ही बराच पल्ला सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांची हद्द आहे. तिकडे उत्तरेला नीरा ही सातारा आणि पुण्याची. नदीचा लेयर वेगळा, जिल्ह्यांचा वेगळा. दोन्ही स्वतंत्रपणे सोपे केले तर नदी कधी सांगलीत शिरते, कधी कोल्हापुरात, आणि वाचणाऱ्याला हद्द नदीवरून जाते हेच कळत नाही. जिथे रेषा एकच आहे तिथे हद्द आधी सोपी करावी आणि नदी तिच्यावरून उचलावी, किंवा उलट. पण दोघींना सुटं सोडू नये.

नदीकाठच्या ठिकाणांचाही विचार करायला हवा. सांगली आणि सांगलीवाडी यांच्यामध्ये कृष्णा आहे, औदुंबरच्या दत्तमंदिरासमोर पलीकडे भुवनेश्वरीचं देऊळ आहे. टॉलरन्स मोठा ठेवला आणि नदीचं वळण कापलं गेलं, तर एखादं देऊळ किंवा वाडी नकाशावर दुसऱ्या काठाला जाते. पूर आल्यावर कोणत्या काठावरून नाव सोडायची हे अशा नकाशावरून ठरवायचं असेल तर ही गंभीर चूक आहे. रेषा सोपी करताना सॉफ्टवेअरला त्या रेषेशेजारचं देऊळ माहीत नसतं. ते आपणच तपासायचं.

कडा, पालखी आणि पूर

पश्चिमेकडे समोच्च रेषांचा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या कंटूरचा, प्रश्न उभा राहतो. कास पठारासारख्या सड्यांवर कंटूर लांब लांब असतात, आणि कड्याशी आल्यावर एकमेकींना चिकटतात. उंचीच्या दर २० मीटरला काढलेले कंटूर ६० अंशांच्या उतारावर नकाशात फक्त साडेअकरा मीटरवर येतात. तिथे २५ मीटरचा टॉलरन्स लावला तर दोन कंटूर एकमेकांना छेदू शकतात, म्हणजे एकाच जागेला दोन उंची मिळतात. अशा वेळी कंटूरना हात न लावता, ज्या उंचीच्या रास्टरवरून, म्हणजे चौकोनाचौकोनांत उंची साठवलेल्या फाइलवरून, ते काढले ते आधी थोडं गुळगुळीत करावं आणि कंटूर नव्याने काढावेत.

जीपीएसच्या नोंदींची गोष्ट निराळी. ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते आणि लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम करते. कोणी सगळा रस्ता मोबाइलवर नोंदवला तर चालतानाची रेषा ठीक येते. पण मुक्कामी मोबाइल एकाच जागी असतानाही बिंदू थोडे थोडे इकडेतिकडे पडत राहतात आणि तिथे गुंता तयार होतो. दुसरीकडे, वाई-पाचगणी रस्त्यावरच्या पसरणीच्या घाटात अशी नोंद केली, तर डोंगरामुळे एखादा बिंदू रस्त्यापासून भलताच दूर पडतो. डग्लस-प्यूकरला हा दूर पडलेला बिंदूच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तो दोरीपासून सगळ्यात लांब आहे. बाकीचा रस्ता जातो आणि चूक राहते. त्यामुळे मुक्कामाचे गुंते आणि उडालेले बिंदू आधी हाताने किंवा वेगाच्या गाळणीने काढावेत, मग रेषा सोपी करावी.

पुराच्या नकाशाचं काम माझ्या मते या सगळ्यांत मोलाचं आहे. ऑगस्ट २०१९च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. तिथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पावसाळ्यात ढगांमुळे साधी उपग्रहचित्रं उपयोगी पडत नाहीत. सेंटिनेल-१ या युरोपीय उपग्रहाचं रडार मात्र ढगांतूनही पाहतं, आणि त्याची चित्रं मोफत मिळतात. त्यावरून पाण्याखालचा भाग काढला की त्याची कड १० मीटरच्या चौकोनांची, पायऱ्यापायऱ्यांची येते. ४५ अंशांत तिरक्या कडेवर प्रत्येक पायरीचा आतला कोपरा बाहेरच्या कोपऱ्यांना जोडणाऱ्या रेषेपासून सुमारे ७.१ मीटरवर असतो. म्हणजे ८ मीटरचा टॉलरन्स दिला तर अशा पायऱ्या जातात आणि चित्रात खरोखर दिसलेली कड राहते. त्याहून खूप वाढवला तर पाण्याची कड घरांवरून सरकायला लागते. इथे टॉलरन्स चौकोनाच्या आकारावरून ठरतो. छपाईच्या अर्ध्या मिलिमीटरचा हिशेब इथे लावू नये.

सोपी केलेली फाइल कोणाला देण्याआधी दोन तपासण्या कराव्यात. पहिली, एकेका तालुक्याची मूळ आणि नवी आकृती एकमेकांवर ठेवून क्यूजीआयएसमध्ये ‘सिमेट्रिकल डिफरन्स’ चालवायचं. दोन्हींत न जुळणारे सगळे पट्टे वेगळे निघतात, त्यांचं क्षेत्र मांडून सगळ्यात मोठे दहा पट्टे डोळ्यांनी पाहायचे. दुसरी, गावांच्या बिंदूंचा लेयर घेऊन प्रत्येक तालुक्यात किती गावं पडतात ते आधी आणि नंतर मोजायचं. सांगलीच्या दहा किंवा साताऱ्याच्या अकरा तालुक्यांपैकी एकाचाही आकडा बदलला तर टॉलरन्स अर्ध्यावर आणून पुन्हा करायचं. आकडे जुळले तरी बेरीज गावांच्या एकूण संख्येएवढी येते का ते पाहायचं, कारण फटीत पडलेलं गाव कोणत्याच तालुक्याच्या खात्यात दिसत नाही. मग नव्या फाइलच्या नावातच पद्धत, टॉलरन्स आणि ‘क्षेत्र मोजण्यासाठी नाही’ एवढं लिहायचं, म्हणजे दोन वर्षांनी ती फाइल ज्याच्या हातात पडेल त्याला विचारायला कोणी सापडलं नाही तरी चालेल.